पिकाची काळोखी आणि नाल्याचा रंग



भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, ओलीवर वाल टाकले होते ते दोन पानांवर आलेत. आजची नोंद वालावरच्या माव्याची लिहायची होती. ती उद्या. आज डोक्यात दुसरंच बसलंय, ते उतरवल्याशिवाय झोप यायची नाही.

काल आमच्या गावातल्या एका पोराने नाल्याचा व्हिडिओ टाकला. सकाळचं कोवळं ऊन, नाल्यावर जलपर्णीची हिरवी गादी, तिच्यावर जांभळ्या फुलांचे तुरे आणि मधोमध पाच-सहा बगळे. मागे गाणं लावलेलं. वर लिहिलंय, 'आपलं पालघर, आपला स्वर्ग'. रात्रीपर्यंत खाली बदामांचा पाऊस. विरार-वसईची माणसं विचारतायत, लोकेशन टाका, रविवारी येतो, लग्नाआधीचे फोटो काढायचेत. माझ्या पुतणीनेही बदाम दिला. तिला म्हटलं, "बाय, हा नाला कुठला ते ओळखलंस का?" म्हणाली, "ओळखला ना काका. पण दिसतंय छान."

तिचं काय चुकलं? छानच दिसतंय. माझं दुखणं तेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोईसरच्या एमआयडीसीच्या बाजूने जे नाले खाली खाडीकडे येतात त्यातला हा एक. अगदी वर, कारखान्यांच्या कुंपणाजवळ, त्याच्यात जलपर्णी सोडा, शेवाळ धरत नाही. खाली येता येता चाळींची गटारं त्यात मिसळतात. संडासबाथरूमचं पाणी, साबण, शिळं अन्न, म्हणजे नत्र आणि स्फुरद. मग जलपर्णी माजते. तेव्हा ते जांभळं फूल म्हणजे स्वर्ग नाही, ती आपल्या घाणीची पावती आहे. आणि हो, त्यातल्या चाळी आपल्याच आहेत. माझ्याही चार खोल्या आहेत. ते पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो, कारण हंगाम आहे. काही मित्र जलपर्णी ओढून कंपोस्ट करायला लागलेत, फुकटचं खत म्हणून. तळ्यातली असेल तर करा. कारखान्याखालच्या नाल्यातली असेल तर हात लावू नका. जलपर्णी पाण्यातले जड धातू मुळांत ओढून साठवते, म्हणून तर पाणी साफ करायला ती वापरतात. तिचं कंपोस्ट शेतात घातलंत तर नाल्याने जे पकडून ठेवलं होतं ते तुम्ही स्वतः डोक्यावरून वाहून बांधाच्या आत आणलंत.

आता मूळ विषय. बाहेरच्या माणसाला तारापूर म्हटलं की अणुभट्टी आठवते. ती १९६९ पासून समुद्राकाठी उभी आहे, पाहुणे घाबरत घाबरत तिच्याबद्दलच विचारतात. आमच्या आयुष्यात मात्र जे शिरलं ते भट्टीतून आलं नाही, नाल्यातून आलं. आणि ते काळं होऊन आलं नाही. रंगीत होऊन आलं.

मी तिसरी-चौथीत असेन, म्हणजे १९८० च्या आगेमागे. एमआयडीसी नवी होती, रंगाचे कारखाने नुकते सुरू झालेले. नाला एक दिवस निळा, एक दिवस पिवळा, कधी असा राणी रंग की बघत राहावं. आम्हा पोरांना तर जत्राच. होळीला रंग विकत घ्यायला पैसे कुणाकडे? बांबूची पिचकारी नाल्यात बुडवायची आणि सुरू. मोठी माणसं हसायची, म्हणायची, कंपनीने होळी फुकट दिली. रात्री अंग चुलीवर धरल्यासारखं भाजायचं, आई खोबरेल लावायची, सकाळी आम्ही परत नाल्यावर हजर.

माझ्या बहिणीच्या शाळेच्या पांढऱ्या रिबिनी होत्या, सुती, दोन. तिला राणी रंगाच्या हव्या होत्या. मी त्या नाल्यात बुडवून आणल्या. काय रंग चढला होता म्हणून सांगू. दारातल्या दोरीवर वाळत घातल्या तर रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. दोन दिवस बहीण मान ताठ करून शाळेत गेली. तिसऱ्या दिवशी आई वेणी घालताना रिबीन ओढायला गेली आणि ती हातातच सुटली. फाटली नाही, सुटली, ओला कागद सुटतो तशी. दुसरीचंही तेच. बहीण रडली, आईने मला दोन ठेवून दिल्या आणि ती एवढंच म्हणाली, "कापडाचं असं, तर कातडीचं काय होत असंल."

त्या पाण्यात काय होतं, कुणाचं होतं, आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. पण माझ्यापुरतं सांगतो, माझा भोळेपणा त्या रिबिनीबरोबर गेला. दहा वर्षांच्या पोराला कळलं होतं की हा रंग कापड खातो. त्यानंतर मी 'मला काय माहीत' म्हटलं असेल तर ते सोंग होतं. माझंच नाही. या पट्ट्यातल्या पन्नाशीच्या वरच्या प्रत्येक माणसाकडे अशी एक रिबीन असते. कुणाची मेलेली म्हैस, कुणाची फेसाळलेली बावडी, कुणाचं खाडीतल्या बोयांचं पांढरं पडलेलं पोट. म्हणून सभेत माईक धरून कुणी म्हणायला लागला की 'पूर्वी आपलं गाव किती सुंदर होतं, आपण किती भोळे होतो, आपल्याला फसवलं', की मला उठून जावंसं वाटतं. फसवलं एकदा. नंतर पन्नास वर्षं काय होतं?

आता शेतकऱ्यांशी आणि कृषिवाल्यांशी थेट बोलतो.

आपल्या धंद्यातला सगळ्यात लाडका शब्द कुठला? काळोखी. पिकाला काळोखी आली की शेतकरी खूश, बघणारा खूश, औषधवाला तर त्याहून खूश. दुकानात जाऊन आपण म्हणतो, "दादा, काळोखी येईल असं काहीतरी द्या." बाटलीवर छापलेलं असतं, पिकाला काळोखी आणते. सगळी दुनिया काळोखाला भिते, आपण पैसे मोजून तो घरी आणतो. आणि ते चूकही नाही. पान गर्द झालं म्हणजे नत्र पोचलं, मॅग्नेशियम पोचलं, हरितद्रव्य भरलं. वाडवडिलांपासून आपण पीक डोळ्याने वाचतो. पिवळं पडलं की काय कमी, करपलं की काय जास्त, पान दुमडलं की कुठला किडा, हे बांधावरून चालताना कळतं. शेतकऱ्याची सगळी विद्या डोळ्यात आहे.

आमच्या पट्ट्यात ती विद्याच आपल्याला बुडवते. नत्र युरियाच्या गोणीतून आला की सांडपाण्यातल्या अमोनियातून आला, पानाला फरक कळत नाही. ते गर्दच होतं. भाताला असं पाणी लागलं तर निदान शेवटी चोरी पकडली तरी जाते. पीक माजतं, लोळतं, करपा येतो, तुडतुडे येतात, लोंबीत पळींज निघतं. पण पालेभाजीला तो धोका नाही, ती महिन्याच्या आत उपटून बाजारात जाते. आणि नत्राबरोबर कॅडमियम, शिसं असं काही आलं असेल तर? ते पानावर दिसत नाही. माणसाला बाधेल एवढा धातू आत असतानाही झाड टवटवीत उभं राहू शकतं. तांदळात कॅडमियमची कोडेक्सची मर्यादा किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे. मोहरीच्या एका दाण्याहून कितीतरी हलकं, आणि ते एक किलो तांदळात पसरलेलं. बघणार कसं? दाणा तितकाच पांढरा, भाताला वास तितकाच गोड.

एकदा शिवारफेरीत एक साहेब आले होते. चांगला माणूस, अभ्यासू, नाव कशाला घेऊ. माझ्या नाल्याकाठच्या पालकाच्या वाफ्यापाशी थांबले, पान हातात घेतलं आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा, काळोखी कशी असावी ते बघा. अन्नद्रव्य व्यवस्थापन म्हणतात ते हे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. पाणी कुठलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. डिझेल पंपाचा पाइप दहा पावलांवर गवतात पडला होता.

आता ते सांगतो जे इथे कधी लिहिलं नाही. बोअर उन्हाळ्यात खारी व्हायला लागली तेव्हापासून सात वर्षं मी हिवाळ्या-उन्हाळ्याची भाजी नाल्याच्या पाण्यावर केली. पालक, मेथी, मुळा, लाल माठ. दोनशे-अडीचशे जुड्या सकाळी बोईसरच्या बाजारात. माझा माल पहिला उठायचा. कारण तेच, काळोखी. आणि घराच्या मागे दोन वाफे वेगळे होते. ते बोअरच्या पाण्यावर, पान फिकं, कडेला जरा करपलेलं, खारामुळे. ती भाजी आमच्या घरात शिजायची. हे आम्ही नवरा-बायकोने कधी बसून ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आपोआप होत होतं. न सांगता दोघांनाही कळत होतं, म्हणजे किती नीट कळत होतं ते बघा.

माझ्या चार खोल्यांतल्या एकीत उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब भाड्याने होतं. नवरा कारखान्यात हेल्पर, बारा तास. बायको रोज संध्याकाळी माझ्याकडूनच भाजी घ्यायची. म्हणायची, "चाचा, आपकी पालक सबसे हरी रहती है." एक दिवस म्हणाली, बाळ सहा महिन्यांचं झालं, डॉक्टरांनी डाळ आणि पालक घोटून द्यायला सांगितलंय, दोन जुड्या चांगल्या द्या. मी गर्द बघून दोन काढल्या. माझी बायको ओट्यावर बसली होती. तिने माझ्याकडे न बघताच म्हटलं, "तिच्या पोराला आपल्या वाफ्यातला द्या."

आपल्या वाफ्यातला! दोन्ही वाफे आमचेच होते की.

दुसऱ्या दिवशी पंप उचलून घरात आणला. त्याला बहाद्दुरी म्हणू नका, सात वर्षं विकला होता. त्या भाजीत विष होतं असंही मी म्हणत नाही, आणि नव्हतं असंही म्हणत नाही. मी तपासलीच नाही. तपासली नाही कारण तपासली असती तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर विकता आली नसती. आमच्याकडचा भोळेपणा हा असा असतो मंडळी. तो राखावा लागतो, त्याला पाणी घालावं लागतं. मुंबईच्या लोकलच्या रुळांकाठी नाल्याच्या पाण्यावर भाजी होते म्हणून आपण खिडकीतून बघून नाक मुरडतो. निदान तिथे वास तरी येतो, गिऱ्हाईक सावध होतं. माझ्या पालकाला गावच्या मातीचं सर्टिफिकेट होतं.

कागदाचं बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. इथे गुण जास्त म्हणजे प्रकृती वाईट, सत्तरच्या वर गेलं की अतिगंभीर. तारापूरला ७२.०१ मिळाले. २०१८ मध्ये पुन्हा मोजलं, तारापूर ९३.६९. देशात पहिला नंबर. दहावीला मला एवढे टक्के पडले असते तर मी आज हे लिहीत नसतो. सामायिक सांडपाणी केंद्राची जुनी क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर, येणारं पाणी त्याहून जास्त, हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होतं. जास्तीचं पाणी कुठे जात होतं? नाल्याने खाडीत आणि नळाने नवापूरच्या समुद्रात.

शेवटी २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे कोण गेलं? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. म्हणजे मच्छीमार. सातपाटी, मुरबे, नवापूर, आलेवाडी, नांदगाव या किनाऱ्यावर ज्यांचं पोट आहे ती माणसं. वर्षानुवर्षं तारखा केल्या. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून जास्त कारखाने आणि सांडपाणी केंद्र मिळून दीडशे कोटींच्या वर भरपाई लावली. पुढे वरच्या कोर्टाच्या पायऱ्या आल्या, त्या फिर्यादी-अपिलांत आज शिरत नाही. मला विचारायचंय ते वेगळं. त्या अर्जावर शेतकऱ्याची एखादी संघटना का नव्हती? नाला पहिल्यांदा आपल्या बांधाला लागतो, खाडीला मागाहून. पण मासा मरतो तेव्हा तो उलटा होऊन वर तरंगतो, सगळ्या गावाला दिसतो. आपला पालक मरत नाही. तो आणखी हिरवा होतो. ज्या मांगेल्यांना आपण 'ती कोळी मंडळी, सारखी भांडायला पुढे' म्हणत आलो ती आपल्यासाठीही भांडली. २०२३ मध्ये पापलेट राज्याचा मासा झाला, त्या चंदेरी माशाचे फोटो आपणही पुढे पाठवले. तेवढाच आपला वाटा.

आता माती. मृदा आरोग्य पत्रिका तुमच्याकडे असेलच. २०१५ पासूनची योजना, चांगली योजना, मी स्वतः तिच्यामुळे जस्त घालायला शिकलो. पण पत्रिका काढा आणि मोजा. बारा रकाने. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. यात शिसं आहे? कॅडमियम? क्रोमियम? पारा? नाही. ती पत्रिका पिकाला काय हवंय ते सांगते, खाणाऱ्याला काय नकोय ते सांगत नाही. सगळ्या देशासाठी तो तक्ता बरोबर असेल. पण नागलीच्या डोंगराला जो तक्ता तोच एमआयडीसीखालच्या खाचराला लावायचा, आणि वर 'जमीन उत्तम' म्हणून शिक्का, हे आपल्या कृषिवाल्या मित्रांच्या डोक्याला पटतं का? तुम्ही शिकलेली माणसं आहात. आम्ही डोळ्याने बघतो कारण आमच्याकडे डोळेच आहेत. तुमच्याकडे यंत्र आहे. तुम्हीही पान हातात घेऊन काळोखीच बघायला लागलात तर मग तुमच्यात आणि माझ्यात फरक पगाराचाच.

नमुना घेण्याची रीत पण इथे उलटी करावी लागेल. आपल्याला शिकवलंय, शेतात नागमोडी फिरा, सात-आठ ठिकाणची माती घ्या, एकत्र कालवा, चार भाग करा, अर्धा किलो ठेवा. खतासाठी बरोबर आहे. पण नाल्याचं पाणी शिरतं तिथे मोरीपाशीच गाळ बसतो, धातू त्या गाळाला धरून राहतात. सगळं शेत कालवलं की मोरीपाशी जे आहे ते पातळ होऊन जातं आणि कागदावर शेत निर्मळ. मोरीपाशीचा नमुना वेगळा, लांबच्या टोकाचा वेगळा, दोन पिशव्या, दोन नावं. पाण्याचा नमुना दुपारी आरामात नाही, पहिल्या जोराच्या पावसाच्या रात्री, नाला रंग बदलतो तेव्हा. कॅनवर तारीख आणि वेळ. लॅबला आधी सांगा की धातू बघायचेत, ते कसं भरायचं ते सांगतील. भाताबद्दल अजून एक. पोटरीत असताना खाचर सुकलं की भात कॅडमियम जास्त उचलतो, पाणी उभं राहिलं की कमी. ज्यांना संशय आहे त्यांनी तेवढे दिवस पाणी तुटू देऊ नये. पालेभाज्या मात्र कुठल्याही हिशेबाने जास्तच उचलतात.

हे सगळं कुठून आणलं असं विचाराल. जपानमधून. तोयामा नावाचा भाग आहे, जिंझू नदीचा, आपल्यासारखाच भातवाला. वर डोंगरात कामिओकाची जस्ताची खाण. नदीचं पाणी पाटांनी खाचरांत. खालच्या गावातल्या वयस्क बाया हाडांनी खिळखिळ्या व्हायला लागल्या, खोकला आला तरी हाड मोडायचं. त्या दिवसभर कण्हायच्या, इताई, इताई. म्हणजे आपलं 'आई गं, आई गं'. आजाराचं नावच ते पडलं. गाव म्हणायचं दैवाचा कोप, कुणी म्हणायचं खाणंपिणं नीट नाही. गावातल्याच हागिनो नावाच्या डॉक्टरने बोट खाणीकडे दाखवलं, तर लोक त्याच्यावरच उखडले. का? कारण आमच्या तांदळाचं नाव खराब होईल. ही ओळ वाचली तेव्हा मला माझाच बाजार आठवला. १९६८ मध्ये सरकारने मान्य केलं की हे कॅडमियम आहे, खाणीचं आहे.

पण मला त्यापुढचं आवडलं. १९७२ मध्ये ते लोक वरच्या कोर्टातही जिंकले आणि कंपनीकडून नुसते पैसे घेऊन घरी गेले नाहीत. करार लिहून घेतला, की गावकरी आपले तज्ज्ञ घेऊन हवं तेव्हा खाणीत शिरून तपासतील आणि त्या तपासणीचा खर्च कंपनी देईल. ते दरवर्षी जाऊन तपासत राहिले. खाचरांची माती बदलायचं काम २०१२ पर्यंत चाललं. तीस वर्षांच्या वर. माती घाण करायला पाणी सोडायचं असतं फक्त.

इथे कुणी म्हणेल, कंपन्या गेल्या तर पोरांनी काय करायचं. कोण म्हणतंय घालवा? माझा मोठा मुलगा तिथेच नोकरीला आहे, माझ्या खोल्यांचं भाडं तिथल्याच पगारातून येतं. जिंझूवाल्यांनीही करार केला तो चालू खाणीशी. दुसरा म्हणेल, आता सुधारलंय, ५० दशलक्ष लिटरचं नवं केंद्र झालंय. झालंय ना, मग उत्तम. रोजचा रिपोर्ट मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. सामू किती, सीओडी किती, धातू किती. दुधाचा फॅट डेअरीवर लिहितात तसा. लपवायचं काही नसेल तर खडू महाग नाही. तिसरा म्हणेल, आणि हा खरा टोला आहे, की तुम्ही शेतकरी फवारणी करता ते काय गोमूत्र असतं का? नसतं. आम्ही धुतल्या तांदळासारखे नाही. उद्या माझ्या शेतातली भाजी तपासलीत आणि माझ्याच औषधाचा अंश सापडला तर तोही फळ्यावर लावा. पण त्याच्या आडून नाला झाकू नका.

आणि एक झाकण मला फार खुपतं. हल्ली पालघर-बोईसरकडे जिकडे तिकडे भिंतींवर वारली चित्रं काढलीत. तारपा, नाच, भाताची लावणी, खेकडा, मासा. छान वाटतं बघून, नाही म्हणत नाही. आमच्याकडे नाल्यालगत अशी एक लांब कुंपणभिंत आहे. भिंतीवर बाया वाकून आवण लावतायत आणि भिंतीखाली मोरीतून पाणी जातंय, कधी कधी त्याला रंग असतो. वारली चित्राचा पांढरा रंग मुळात तांदळाच्या पिठाचा. पाड्यावर चौक लिहितात तेव्हा घरचा तांदूळ वाटून घेतात. भिंतीवरचा डब्यातला आहे. तसा तो एका अर्थी बराच म्हणायचा, निदान तपासून भरलेला असतो.

व्हिडिओवाल्या पोराला मी काही बोललो नाही. त्याला शिव्या घालून काय होणार, त्याच्या वयात मी पिचकारी भरत होतो. त्याला एवढंच विचारलंय की येत्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीला, रात्री, त्याच जागी उभा राहून तेवढाच मोठा व्हिडिओ काढशील का, गाणं न लावता. हो म्हणालाय. बघू.

मी उद्या चार नमुने पाठवतोय. मोरीपाशीची माती, लांबच्या टोकाची माती, बोअरचं पाणी, आणि यंदाचा तांदूळ, तोच जो आम्ही घरी खातो. सात वर्षं पाणी घेतलेला भाजीचा तुकडा आणि हे भाताचं खाचर एकाच मोरीवर आहेत, म्हणून. पैसे माझेच जाणार आहेत, ठीक आहे. जे येईल ते इथे टाकीन. चांगलं आलं तरी टाकीन, वाईट आलं तर आधी माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना सांगून मग टाकीन. ते उत्तर प्रदेशातलं कुटुंब आता खोली सोडून गेलंय. नंबर आहे माझ्याकडे, लागतो की नाही ते बघावं लागेल.

पुतणीला सकाळी सहाला बोलावलंय. तिचं अक्षर चांगलं आहे, पिशव्यांवरची लेबलं तीच लिहिणार. वालाच्या माव्याचं संध्याकाळी लिहितो.